कोणी नेमलं?

'निवड' हा शब्द मी अनेक वर्षं चुकीच्या माणसांसाठी वापरला. समितीवर सरकारने नेमलेला माणूस असो, पक्षाने पालिकेत पाठवलेला असो की मंत्र्यांच्या शिफारशीने एखाद्या मंडळावर बसलेला असो, माझ्या बातमीत त्या सगळ्यांची 'निवड' व्हायची. जिल्हा दैनिकात अशा बातम्या रोज येतात. बहुतेक वेळा त्या माणसाच्या कार्यकर्त्यांनीच लिहिलेल्या असतात. सोबत हारतुऱ्यांचा फोटो असतो आणि शेवटचं वाक्य ठरलेलं असतं: 'त्यांच्या निवडीबद्दल सर्व स्तरांतून अभिनंदन होत आहे.' ते वाक्य मी जसंच्या तसं छापलं. निवड कोणी केली, कितीजणांतून केली, कोणत्या कायद्याखाली केली, हे विचारलं नाही. या सवयीतून माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्यातल्या काहींनी माणसांचं खरोखर नुकसान झालं. त्या चुका इथे सांगते आहे.

पहिली चूक नगरपालिकेतली. तेव्हा मी तालुक्याच्या गावी बातमीदार होते. पालिकेची निवडणूक होऊन नवी सभा बसली आणि थोड्याच दिवसांत स्वीकृत सदस्यांची नावं आली. त्यातल्या एका गृहस्थांच्या प्रसिद्धिपत्रकावरून मी बातमी केली आणि त्यांना 'नवनिर्वाचित नगरसेवक' म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याच प्रभागातल्या एका वाचकाचा फोन आला. म्हणाले, "मॅडम, यांना तर आम्ही गेल्या महिन्यात पाडलं. मग निर्वाचित कोणी केलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. शब्द चुकला, उद्या सुधारू, असं म्हणून मी फोन ठेवला. सुधारणा छापली नाहीच. एका शब्दासाठी कशाला, असं मला तेव्हा वाटलं होतं.

तेव्हाच नीट शोध घेतला असता, तर पुढची मोठी चूक टळली असती. नगरपालिकांना घटनेत स्थान मिळालं ते ७४ व्या घटनादुरुस्तीने. ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिच्यात अशी तरतूद आहे की नगरपालिकेच्या कारभाराचं विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेल्या व्यक्तींना निवडणुकीशिवाय सभागृहात घेता येईल, मात्र सभेत त्यांना मतदानाचा अधिकार असणार नाही. आपल्याकडे कायद्याच्या भाषेत यांना 'नामनिर्देशित सदस्य' म्हणतात आणि बोलण्यात 'स्वीकृत'. 'स्वीकृत' हा जुन्या पद्धतीतून राहिलेला शब्द. तेव्हा निवडून आलेले सदस्य बाहेरच्या काही जणांना आपल्यात स्वीकारून घ्यायचे. आता सभागृहातल्या पक्षांच्या तौलनिक संख्याबळानुसार जागा वाटल्या जातात आणि गटनेते नावं देतात. डॉक्टर, वकील, अभियंता, शिक्षणक्षेत्रातली माणसं यांच्यासाठी हे दार ठेवलेलं आहे. स्वयंसेवी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनाही त्यातून येता येतं, आणि निवडणुकीत हरलेले बरेच कार्यकर्ते याच वाटेने आत येतात. मला हा कायद्याच्या हेतूचा भंग वाटतो. पण तो वाचकांना दिसायचा असेल, तर आधी बातमीत 'निवडून आले' आणि 'नेमले गेले' यांतला फरक दिसला पाहिजे. तो मीच पुसून टाकत होते.

काही महिन्यांनी पालिकेच्या गाळ्यांच्या भाडेपट्ट्याचा ठराव आला. वाद मोठा होता, सभागृह भरलेलं होतं आणि मी पत्रकारांच्या बाकावर होते. हात वर करून मतदान झालं. मी मोजले: बाजूने तेरा, विरोधात अकरा. गोंधळात निकाल नीट ऐकू आला नाही, म्हणून माझ्याच आकड्यांवर मी बातमी पाठवली. पुढच्या सभेत इतिवृत्त वाचलं गेलं, तर त्यात होतं की समसमान, म्हणजे अकरा-अकरा मतं पडली आणि अध्यक्षांनी निर्णायक मत देऊन ठराव मंजूर केला. माझ्या डोळ्यांनी पाहिलेले दोन हात इतिवृत्तातून नाहीसे झाले होते. मी मुख्याधिकाऱ्यांना विचारलंसुद्धा नाही. 'इतिवृत्तात फेरफार?' या मथळ्याची बातमी केली. ती पहिल्या पानावर लागली.

ते दोन हात स्वीकृत सदस्यांचे होते. सत्ताधारी गटाबरोबर बसलेले असल्याने त्यांनीही हात वर केले आणि मुख्याधिकाऱ्यांनी ते मोजले नाहीत. मोजता येतच नव्हते. त्या माणसाने आपलं काम चोख केलं होतं आणि मी त्याच्यावर कागद बदलल्याचा संशय छापला होता. विरोधकांनी ते कात्रण जोडून जिल्हाधिकाऱ्यांकडे चौकशीची मागणी केली. मुख्याधिकाऱ्यांना लेखी खुलासा द्यावा लागला. त्यांनी आमच्या कार्यालयाला जे पत्र पाठवलं, त्यात एकही रागाचा शब्द नव्हता. नामनिर्देशित सदस्यांना मतदानाचा अधिकार नसल्याची तरतूद फक्त उतरून दिली होती. आम्ही आतल्या पानावर खाली चार ओळींचा खुलासा दिला. आरोप पहिल्या पानावर आणि खुलासा आतल्या पानाच्या तळाशी, हे मला तेव्हाही खटकलं होतं, पण मी संपादकांकडे आग्रह धरला नाही. आज ती गोष्ट मला मूळ चुकीपेक्षा जास्त लागते. मूळ चूक अज्ञानातून झाली होती. खुलासा कुठे छापायचा हे मला कळत होतं.

पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी उपसंपादक म्हणून काम करू लागले. तालुक्यांतून येणाऱ्या मजकुराला आकार द्यायचा, मथळे द्यायचे. तिथे झालेली एक चूक मी आजही विसरू शकत नाही.

एका गावात बालविवाह थांबवला गेला. वार्ताहराने घाईत फोनवर बातमी सांगितली: पोलीस पाटलांनी पोलिसांना वेळेत कळवलं म्हणून लग्न थांबलं. नाव नीट ऐकू आलं नाही. ते गाव माझ्या माहितीचं होतं. तिथल्या पाटलांचा वाडा मी पाहिलेला होता. मी विचारलं, "म्हणजे वाड्यातले पाटील ना?" पलीकडून 'हो'सारखं काहीतरी ऐकू आलं. मी वाड्यातल्या वयोवृद्ध गृहस्थांचं नाव घातलं आणि 'गावच्या पाटलांनी रोखला बालविवाह' असा मथळा दिला.

दोन दिवसांनी एक तरुण बाई कार्यालयात आल्या. सोबत उपविभागीय अधिकाऱ्यांच्या सहीचा नेमणुकीचा आदेश होता. त्या गावच्या पोलीस पाटील त्या होत्या. लेखी परीक्षा देऊन, मुलाखत देऊन, राखीव जागेवर नेमल्या गेलेल्या. वाड्याशी त्यांचा काही संबंध नव्हता, आडनावही पाटील नव्हतं. लग्न थांबवल्याबद्दल गावातल्या काहींनी त्यांना त्रास द्यायला सुरुवात केली होती आणि त्यांना पाठिंबा हवा होता. तो मिळण्याऐवजी पेपरात वाड्याचं नाव आलं. त्या म्हणाल्या, "मॅडम, शिव्या मला बसल्या आणि नाव त्यांचं आलं. गावात आता म्हणतात, पाटील तेच, ही नुसती सह्या करते."

त्यांचं हे वाक्य ऐकून मला लाज वाटली. माझ्या डोक्यात 'पाटील' या शब्दाचा जो अर्थ होता, तो कायद्याने कधीच संपवला होता. महसुली पाटीलकीची वंशपरंपरागत पदं १९६२ च्या कायद्याने रद्द झाली, १ जानेवारी १९६३ पासून. त्याआधी कुलकर्णी वतनं १९५१ मध्ये गेली होती आणि त्या जागी पगारी तलाठी आला. १९६७ मध्ये महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम झाला आणि आजचा पोलीस पाटील त्या कायद्याने नेमलेला आहे. वय, शिक्षण, गावचा रहिवास आणि चांगली वर्तणूक बघून नेमणूक होते, ठरावीक मुदतीसाठी होते आणि मानधन मिळतं. हे पद बापाकडून मुलाकडे जात नाही. गावात काय घडतं ते पोलिसांना कळवणं, गुन्ह्याची खबर देणं, बेवारस प्रेताची माहिती देणं, ही कामं त्या व्यक्तीच्या अंगावर असतात आणि त्यासाठी तिला गावातल्या बलवान लोकांचा रोष पत्करावा लागतो. जे पद वाड्यातून काढून गावातल्या कुणाही लायक माणसाला खुलं करण्यासाठी दोन कायदे करावे लागले, ते पद मी एका मथळ्यात वाड्याला परत देऊन टाकलं होतं.

या वेळी मी संपादकांकडे आग्रह धरला. दुरुस्ती बातमीच्याच जागी, तेवढ्याच आकारात, त्यांच्या नावासह आणि 'पोलीस पाटील' हे पूर्ण पद लिहून छापली. गावातलं बोलणं त्याने किती बदललं असेल, याची मला शंका आहे. आपलं नाव आलेलं पान त्यांनी मागून नेलं.

आमच्याकडे एक ज्येष्ठ मुद्रितशोधक होते. निवृत्तीच्या उंबरठ्यावर असूनही प्रत्येक मुद्रित शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे. या प्रकरणानंतर माझा मजकूर ते अधिक बारकाईने बघू लागले. एकदा संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या तालुका समितीची बातमी होती. मी लिहिलं होतं: 'समितीच्या अध्यक्षपदी अमुक यांची नियुक्ती झाली.' 'निवड' टाळली म्हणून मला समाधान होतं. त्यांनी मुद्रित माझ्यासमोर ठेवलं आणि विचारलं, "ताई, यात कर्ता कुठे आहे?"

मी म्हटलं, नियुक्ती हाच कर्ता.

"व्याकरणात असेल. पण नेमलं कोणी?"

मला माहीत नव्हतं. वार्ताहराला फोन लावला, त्यालाही माहीत नव्हतं. शेवटी तहसील कार्यालयातून कळलं की पालकमंत्र्यांच्या शिफारशीवरून नेमणूक झाली आहे. या समितीत अशासकीय सदस्य असेच येतात, तहसीलदार सदस्य सचिव असतात आणि विधवा, अपंग, निराधार वृद्ध यांच्या अर्जांवर निर्णय या समितीत होतो. म्हणजे ज्या म्हातारीचा अर्ज अडकला आहे, तिने कोणाला विचारायचं, हे त्या न लिहिलेल्या कर्त्यावर अवलंबून होतं.

एवढं कळूनही माझ्या हातून पुढची चूक झालीच. राज्यात सरकार बदललं आणि नेहमीप्रमाणे अशा समित्यांवरच्या अशासकीय सदस्यांच्या नेमणुका रद्द झाल्या. माझ्या मथळ्यात आलं: 'लोकनियुक्त समिती बरखास्त.' समितीत गावोगावची माणसं होती, अधिकारी नव्हते, म्हणून माझ्या मनाने त्यांना 'लोकनियुक्त' करून टाकलं. मुद्रितशोधक त्या दिवशी रजेवर होते. मथळा तसाच गेला आणि जे लोक नेमणुकीने आले आणि नेमणूक काढल्यावर गेले, त्यांच्या बाबतीत जणू जनतेचा कौल मोडला गेला, असं जिल्ह्याने वाचलं. त्यावर निषेधाचं एक निवेदनही निघालं, माझ्याच मथळ्यातल्या शब्दासह.

रजेवरून आल्यावर त्यांनी मला जे समजावलं, ते मी तेव्हापासून सोबत बाळगून आहे. आपल्या भाषेत 'नियुक्त' हा शब्द एकटा उभा राहत नाही. त्याच्या आधी नेमणाऱ्याचं नाव लागतं. लोकनियुक्त, शासननियुक्त, राज्यपालनियुक्त. थेट मतदानाने आलेल्या सरपंचाला आपण 'लोकनियुक्त सरपंच' म्हणतो, तिथे नेमणारे लोक आहेत. २०१७ मध्ये सरपंच थेट लोकांतून आला, २०२० मध्ये ती पद्धत गेली, २०२२ मध्ये परत आली. प्रत्येक वेळी सरपंच हेच पद राहिलं, बदलला तो नेमणारा. सदस्यांनी निवडलेला सरपंच सदस्यांना धरून राहतो, लोकांनी निवडलेला सरपंच सदस्यांशी भांडू शकतो. त्यामुळे 'लोक', 'शासन', 'राज्यपाल' ही आधीची पदं गाळली किंवा चुकवली, तर त्या माणसाने कोणाला जाब द्यायचा तेच वाचकाला कळत नाही.

जुन्या मराठीत हा घोळ कमी होता, असं ते म्हणत. बाळाजी विश्वनाथांना १७१३ मध्ये पेशवाई मिळाली, ती शाहू महाराजांनी वस्त्रं दिली म्हणून. त्या वाक्प्रचारात देणारा असतोच, कारण वस्त्रं आपोआप अंगावर येत नाहीत. जुन्या कागदांत 'नेमणूक' या शब्दाचा एक अर्थ ठरवून दिलेली रक्कम, तैनात, असाही आहे. कोणी किती द्यायचं ठरवलं ते त्यात आलं. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तेव्हा पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, सरनौबताचा सेनापती. फारसी नावं जाऊन संस्कृत नावं आली. पदाचं नाव नेमक्या शब्दात असावं, हे राज्य चालवणाऱ्याला इतकं महत्त्वाचं वाटलं होतं. आम्ही बातमी लिहिणाऱ्यांनी ते इतकं हलकं का धरावं, हा त्यांचा प्रश्न मला अजूनही बरोबर वाटतो.

राज्यपालनियुक्त आमदारांच्या बाबतीत माझी चूक वेगळ्या प्रकारची होती. तिथे नेमणारा मला माहीत होता, पण नेमणूक व्हायच्या आधीच मी ती झाली असं लिहिलं. महाराष्ट्राच्या विधान परिषदेत ७८ जागा आहेत, त्यांपैकी १२ जागांवर राज्यपाल सदस्य नेमतात. घटनेच्या १७१ व्या अनुच्छेदात त्यासाठी साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवा ही क्षेत्रं दिलेली आहेत. नोव्हेंबर २०२० मध्ये तेव्हाच्या सरकारने बारा नावांची यादी राज्यपालांकडे दिली. मी मथळा दिला: 'विधान परिषदेवर बारा जणांची नियुक्ती.' मंत्रिमंडळाने शिफारस केली म्हणजे सही होणारच, असं धरून चालले. पुढचे काही आठवडे एका-दोघांच्या नावाआधी 'आमदार' लावलेला मजकूरही माझ्या हाताखालून गेला. सही झालीच नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. राज्यपालांनी वाजवी मुदतीत निर्णय घेतला पाहिजे, असं न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये म्हटलं, तरी यादी पडूनच राहिली आणि २०२२ मध्ये सरकार बदलल्यावर मागे घेतली गेली. शिफारस, नियुक्ती आणि शपथ या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवरच्या माणसांना मी तिसरीवर बसवलं होतं.

त्याच काळात मला आणखी एक गोष्ट दिसली. 'नियुक्त' म्हटलं की माझ्या मनात आपोआप कमीपणा यायचा, जणू मागच्या दाराने आलेला माणूस. ना. धों. महानोर १९७८ मध्ये राज्यपालनियुक्त सदस्य म्हणून विधान परिषदेत गेले. पळसखेड्यात स्वतः शेती करणारा कवी तिथे शेतीवर आणि पाण्यावर बोलला. निवडणूक लढवायला तो माणूस कधी गेला असता का, मला वाटत नाही. ही तरतूद घटनेत आली ती अशा माणसांसाठीच. ३ ऑगस्ट २०२३ रोजी महानोर गेले तेव्हा आमच्याकडे आलेल्या एका मजकुरात ते विधान परिषदेवर 'निवडून गेले' असं होतं. लिहिणाऱ्याचा हेतू गौरवाचाच होता, 'नियुक्त' म्हटलं तर मान कमी होईल असं त्याला वाटलं असावं. मी तिथे 'राज्यपालनियुक्त' केलं आणि ते करताना मला आनंद झाला. त्या शब्दाने त्यांचा मान तिळभरही कमी होत नव्हता.

जिथे 'निवड' हाच शब्द बरोबर आहे, तिथेही मी एकदा उत्साहात चुकले. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष पूर्वी मतदानाने ठरायचा. २०१८ च्या बडोदे संमेलनाचे लक्ष्मीकांत देशमुख असे निवडणुकीने आले. त्यानंतर संमेलन भरवणाऱ्या साहित्य महामंडळाने निवडणूक बंद केली आणि जानेवारी २०१९ च्या यवतमाळ संमेलनासाठी अरुणा ढेरे यांना एकमताने निवडलं. पुढच्या एका वर्षी नव्या अध्यक्षांच्या बातमीत मी 'निवड' खोडून 'नियुक्ती' केलं, निवडणूक नाही म्हणजे नियुक्ती, असा हिशेब करून. पण महामंडळात घटक संस्थांचे प्रतिनिधी एकत्र बसून, अनेक नावांवर चर्चा करून, त्यातून एक नाव ठरवतात. ती निवडच आहे.

आता प्रशासकांबद्दल. ७ मार्च २०२२ रोजी मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि दुसऱ्या दिवसापासून आयुक्तच प्रशासक झाले. राज्यातल्या इतर अनेक महापालिकांत, नगरपालिकांत, जिल्हा परिषदांत थोड्याफार फरकाने तेच झालं आणि निवडणुका वर्षानुवर्षं लांबल्या. या काळात मी संपादित केलेल्या बातम्या मागे जाऊन वाचल्या, तेव्हा मला धक्का बसला. 'महापालिकेने मंजुरी दिली', 'स्थायी समितीत ठराव मंजूर', 'पालिकेने करवाढ फेटाळली', अशी वाक्यं जागोजाग होती. सभागृह नव्हतं. स्थायी समिती नव्हती. प्रस्ताव तयार करणारं प्रशासन आणि मंजूर करणारा प्रशासक एकच होता. ज्या सहीने प्रस्ताव निघायचा, त्याच सहीने तो संमत व्हायचा. जुन्या सवयीची वाक्यं वापरून आम्ही वाचकांना असं भासवत राहिलो की कुठेतरी नगरसेवक बसले आहेत, चर्चा होते आहे, हात वर होत आहेत. लोकांना आपला प्रतिनिधी नाही, हे दररोज जाणवायला हवं होतं. ती जाणीव बोथट करण्यात माझ्या लेखणीचा वाटा आहे.

ग्रामपंचायतींच्या बाबतीत हे त्याआधीच घडलं होतं. करोनामुळे २०२० मध्ये चौदा हजारांहून अधिक ग्रामपंचायतींच्या निवडणुका पुढे गेल्या. जुलैमध्ये सरकारने पालकमंत्र्यांच्या सल्ल्याने गावातल्या व्यक्तीला प्रशासक नेमण्याचं ठरवलं, त्याला न्यायालयात आव्हान दिलं गेलं आणि सरकारी अधिकाऱ्यालाच प्रशासक नेमावं, अशी दिशा उच्च न्यायालयाने दिली. वाद नेमका नेमणाऱ्याबद्दल आणि नेमल्या जाणाऱ्याबद्दल होता. आणि आमच्या पानांवर त्या प्रशासकांना 'प्रभारी सरपंच' म्हटलं जात होतं. सरपंच रजेवर असला किंवा पद रिकामं झालं, तर उपसरपंच कारभार बघतो आणि तो स्वतः निवडून आलेला असतो. प्रशासक म्हणून आलेला विस्तार अधिकारी गावाने निवडलेला नव्हता. त्याला सरपंच म्हणणं चूक होतं, मग पुढे 'प्रभारी' लावा की 'तात्पुरता'.

जिल्हा परिषदेत दोन शब्द फार जपून वापरतात: 'पदाधिकारी' आणि 'अधिकारी'. अध्यक्ष, सभापती हे पदाधिकारी. मुख्य कार्यकारी अधिकारी, गटविकास अधिकारी हे अधिकारी. पहिले लोकांकडून येतात, दुसरे शासनाकडून. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या तेव्हापासून या दोघांच्या ओढाताणीवर इथलं ग्रामीण राजकारण चाललं आहे. तिथला शिपाईसुद्धा पत्र देताना हा फरक चुकवत नाही. प्रशासकांच्या काळात पदाधिकाऱ्यांची दालनं बंद होती आणि फक्त अधिकारी होते. ही एवढी साधी गोष्ट आम्हाला बातमीत सांगता आली असती.

आता माझ्या टेबलावर अशी कोणतीही बातमी आली की आदेशाची प्रत मिळेपर्यंत ती मी थांबवते. उशीर होतो, प्रतिस्पर्धी पेपरात फोटो आधी येतो, कार्यकर्ते रागावतात. आदेशात नेमणाऱ्याचं पद असतं, कलम असतं, मुदत असते. बातमीच्या पहिल्या वाक्यात मी तेच घालते: अमुक कलमाखाली, अमुक अधिकाऱ्याने किंवा अमुक मंत्र्यांच्या शिफारशीवरून शासनाने, अमुक काळासाठी नेमलं. अभिनंदनाचं वाक्य मी कापते.

तालुक्या-तालुक्यांतून बातम्या पाठवणाऱ्या तरुण मित्रमैत्रिणींना माझी विनंती आहे. फोटो नंतर पाठवा, आधी आदेशाची प्रत पाठवा. प्रत मिळत नसेल, तर नेमणूक कोणी केली ते तहसील कार्यालयात, पालिकेत, पंचायत समितीत जाऊन विचारा आणि उत्तर मिळाल्यावरच लिहा. आणि वाचकांनो, आमच्या पानावर 'नियुक्ती झाली' एवढंच छापलेलं दिसलं, तर त्या वाचकाने मला केला होता तसा फोन करा आणि विचारा, कोणी नेमलं?